कॉर्नर आणि सेफ्टी: पाय मंदावण्याआधी डोळे तयार व्हायला हवेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा न्यू जर्सीत हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात कॉर्नर खेळतो, पळायला वेगवान आहे, प्रशिक्षक म्हणतात पुढे जाईल. एनएफएलमधल्या (अमेरिकेतली व्यावसायिक फुटबॉल लीग) डिफेन्सिव्ह बॅकची, म्हणजे कॉर्नर आणि सेफ्टीसारख्या मागच्या बचावपटूची, कारकीर्द प्रत्यक्षात कशी असते, किती टिकते आणि कुठे अडते?

या जागेवरच्या खेळाडूचे पाय पंचविशीच्या आसपास सर्वांत चांगले असतात आणि डोळे तिशीच्या आसपास. मधली चार-पाच वर्षं जो निभावून नेतो, त्याचीच कारकीर्द होते. बाकीचे दोन-तीन हंगामांत बाहेर पडतात, आणि त्यातले बहुतेक वेगात कमी नसतात. निवड, सराव, दुखापती, करार यांच्याबद्दल पुढे जे लिहिलं आहे, त्या सगळ्याच्या मुळाशी हीच गोष्ट आहे.

आधी काम समजून घ्या. मैदान ५३⅓ यार्ड रुंद. समोरच्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, आपण कुठे पळणार हे ठाऊक असतं, कॉर्नरला नसतं. तो पुढे पळतो, हा मागे. कबड्डीत कोपऱ्यावर खेळणाऱ्याला हे लगेच कळेल: चढाईला आलेल्याच्या तोंडाकडे बघितलंत की हूल खाल्लीत, नजर कमरेवर आणि पायांवर ठेवावी लागते. इथेही तेच. डोकं, खांदे, हात सगळे खोटं बोलतात, कंबर बोलत नाही. म्हणून कॉर्नरला पहिल्या दिवसापासून रिसीव्हरच्या पट्ट्याच्या बक्कलवर नजर ठेवायला शिकवतात. सेफ्टी मागे उभा असतो, त्याला सगळं मैदान वाचायचं असतं. आणि मधे तिसरा, निकेल, आतल्या रिसीव्हरवर. त्याच्या दोन्ही बाजू उघड्या असतात, साईडलाइनचा आधार नाही, शिवाय चेंडू घेऊन पळण्याच्या डावात अंगाने मोठ्या माणसांना भिडायचं. आजकाल संघ बहुतांश डावांत पाच डिफेन्सिव्ह बॅक उतरवतात, तेव्हा निकेल हा राखीव खेळाडू राहिलेला नाही. तुमचा मुलगा उंचीने पाच फूट दहा इंचांच्या आत राहिला तर त्याची खरी जागा बहुधा हीच असेल.

नियमांनी हे काम मुद्दाम अवघड केलेलं आहे. सत्तरच्या दशकात पिट्सबर्गचा मेल ब्लाउंट रिसीव्हरला हातांनी ढकलत मैदानभर नेत असे. १९७८ला नियम आला की पहिल्या पाच यार्डांपुढे रिसीव्हरला अडवायचं नाही. आजही लोक त्याला ब्लाउंटचाच नियम म्हणतात. पाच यार्डांपुढे अडवलंत किंवा धरलंत तर पाच यार्डांची शिक्षा आणि समोरच्याला नवा फर्स्ट डाउन, म्हणजे दहा यार्ड जायला पुन्हा चार संधी (डाउन). पण चेंडू हवेत असताना हात टाकलात तर जिथे हात टाकला तिथेच चेंडू समोरच्याला मिळतो. चाळीस यार्डांचा पास असेल तर चाळीस यार्ड गेले. एंड झोनमध्ये, म्हणजे गुण मिळतात त्या शेवटच्या पट्ट्यात, घडलं तर चेंडू एक यार्डाच्या रेषेवर. हायस्कूल आणि कॉलेजात हीच शिक्षा पंधरा यार्डांपुढे जात नाही, आणि त्यामुळे एक फार वाईट सवय लागते: लांबच्या चेंडूवर आपण मागे पडलो की पकडायचं आणि पंधरा यार्ड सोडून द्यायचे. वरच्या पातळीवर ही सवय असलेला कॉर्नर प्रशिक्षकाला महिनाभरही परवडत नाही. ती आताच मोडा.

आता तंत्राबद्दल. इथे जरा रेंगाळतो, कारण नोकरी इथेच जाते.

प्रेस, म्हणजे रिसीव्हरच्या नाकासमोर उभं राहणं. पाय खांद्यांपेक्षा किंचित जवळ, वजन चवड्यावर, गुडघे वाकलेले, आपलं नाक त्याच्या आतल्या खांद्यासमोर. स्नॅप झाला, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू झाला, की पुढे झेपावायचं नाही. सहा-सहा इंचांची बाजूची पावलं टाकत थांबायचं, तो कोणत्या बाजूने निघतोय ते ठरू द्यायचं. तो माझ्या डावीकडून निघाला तर माझी डावी कंबर उघडायची आणि उजव्या हाताने त्याच्या छातीच्या जवळच्या बाजूला एक ठोसा. डावा हात वापरला तर डावी कंबरच अडकते आणि पळायला वळताच येत नाही. नव्या मुलाची चूक ठरलेली: दोन्ही हात एकदम पुढे, वजन चवड्याच्या पुढे, पाय जागच्या जागी गोठलेले. रिसीव्हर एका फटक्यात हात झटकतो आणि दोन पावलं पुढे निघून जातो. ती दोन पावलं जगातला कोणताही कॉर्नर भरून काढू शकत नाही, कारण समोरचाही तेवढ्याच वेगाचा आहे.

मागे उभं राहून खेळताना अंतर सात-आठ यार्ड. इथे पहिली नजर रिसीव्हरवर नसते, पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पावलांवर असते. त्याने तीन पावलं घेऊन हात उचलला की चेंडू लगेच येणार, म्हणजे रूट (रिसीव्हरची ठरलेली वाट) पाच-सहा यार्डांवर तुटणार, म्हणजे वळणार. तीन पावलांनंतरही तो मागे जात राहिला की नजर ताबडतोब रिसीव्हरच्या कमरेवर, कारण आता रूट दहा-बारा यार्डांवर किंवा थेट खोल जाणार. अंतर तीन यार्डांवर आलं की उलटं पळणं सोडून वळायचं. उलटं पळताना छाती गुडघ्यांवर झुकलेली हवी. थांबून पुढे तुटायच्या क्षणी जो सरळ उभा राहतो त्याचं एक पाऊल वाया जातं, आणि तेवढ्यात पंधरा यार्डांचा पास पूर्ण होतो. प्रशिक्षक व्हिडिओ थांबवून हेच दाखवतात: डोक्याची उंची बदलली का?

तिसरी गोष्ट सगळ्यांत उशिरा येते: चेंडू हवेत असताना काय करायचं. आपली कंबर रिसीव्हरच्या कमरेला लागलेली असेल तर खांदा त्याच्यावर रेलून मान वळवायची आणि चेंडू शोधायचा. आता आपणही तितकेच हक्काचे रिसीव्हर आहोत. पण आपण पाऊलभर मागे असू तर मान वळवायची नाही. वळवली की वेग जातो आणि अंतर वाढतं. तेव्हा रिसीव्हरचे डोळे मोठे झाले, हात वर गेले की त्या हातांच्या मधून आपला हात घालून चेंडू खाली पाडायचा. मी जवळ आहे की मागे, हा निर्णय पूर्ण वेगात एका क्षणात घ्यायचा असतो. टीव्हीवर जे कॉर्नर मान न वळवल्याबद्दल शिव्या खातात, त्यातले बरेच बरोबर वागलेले असतात. त्यांची चूक दोन सेकंद आधी झालेली असते.

निवडीकडे वळू. हायस्कूल संपल्यावर तीन वर्षं जाईपर्यंत ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांमध्ये, उतरता येत नाही, म्हणजे कॉलेजची किमान तीन वर्षं धरून चाला. त्यानंतर फेब्रुवारीअखेर इंडियानापोलिसला कंबाइन, म्हणजे संघांसमोरच्या चाचण्या. चाळीस यार्ड पळणं, उभी उडी, लांब उडी, वळणांच्या चाचण्या, हातांची लांबी. कॉर्नरने चाळीस यार्ड ४.५ सेकंदांच्या आत पळावेत अशी अपेक्षा असते, ४.६ला प्रश्न विचारले जातात. सेफ्टीला थोडी सवलत. हाताची लांबी ३१ इंचांच्या खाली असेल तर काही संघ यादीतून नावच काढतात. पण आकड्यांनी हुरळून जाऊ नका. २०२२ला कालोन बार्न्स नावाच्या कॉर्नरने ४.२३ सेकंदांची नोंद केली, कंबाइनच्या इतिहासातल्या सर्वांत वेगवान धावांपैकी एक. तो सातव्या फेरीत निवडला गेला आणि हंगाम सुरू व्हायच्या आत कॅरोलायनाने त्याला सोडलं. उलट रिचर्ड शर्मन कॉलेजात रिसीव्हर होता, तिथेच कॉर्नर झाला, त्याचा वेळ ४.५च्या पुढचा, २०११ला पाचव्या फेरीत १५४वा. २०१३ला त्याने लीगमध्ये सर्वाधिक, ८ इंटरसेप्शन घेतले, म्हणजे समोरच्याचे पास मधेच झेलले. रिसीव्हर राहिलेला असल्याने समोरचा कोणता रूट पळेल हे त्याला आधीच दिसायचं.

न निवडला गेलेला मुलगाही संघात येऊ शकतो, फक्त त्याला चुकायची मुभा नसते. उन्हाळी शिबिरात ९० जण असतात, ऑगस्टअखेर ५३ उरतात. त्यात कॉर्नर पाच-सहा, सेफ्टी चार-पाच. दोन्हींतले मिळून पहिले पाच खेळण्यासाठी असतात. त्यांच्या खालच्या प्रत्येकाला पंट आणि किकऑफच्या (चेंडू पायाने लांब मारण्याच्या डावांच्या) तुकड्यांवरच जागा कमवावी लागते. पंट झाल्यावर कडेने सुटून, दोघे अडवत असताना पन्नास यार्ड पळून चेंडू घेणाऱ्याला पाडणं, हेच त्याचं पोटापाण्याचं काम. कॉलेजचे तारे हे काम कमीपणाचं मानतात आणि ऑगस्टमध्ये घरी जातात. सोडलेल्या नव्या खेळाडूला चोवीस तासांत दुसरा संघ उचलू शकतो, नाहीतर प्रॅक्टिस स्क्वॉडवरच्या, म्हणजे सरावापुरत्या राखीव गटातल्या, सोळा जागांपैकी एक. २०२५ला तिथला किमान पगार आठवड्याला १३,००० डॉलर होता, ५३ जणांतल्या नवख्याचा वर्षाला ८,४०,०००. प्रॅक्टिस स्क्वॉडवरचा खेळाडू दर आठवड्याला समोरच्या संघाच्या कॉर्नरची नक्कल करतो. कंटाळवाणं वाटतं, पण लीगमधल्या उत्तम रिसीव्हरांविरुद्ध रोज तीस-चाळीस डाव याहून स्वस्तात कुठे मिळत नाहीत.

माल्कम बटलर असाच. वेस्ट अलाबामासारख्या छोट्या कॉलेजातून आलेला, ड्राफ्टमध्ये कोणी घेतला नाही, २०१४ला न्यू इंग्लंडने शिबिरात उतरवला. १ फेब्रुवारी २०१५चा सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, सिअॅटलला विजयासाठी एक यार्ड हवा, अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ. दोन रिसीव्हर एकामागे एक उभे राहिले. त्या आठवड्याच्या सरावात हाच डाव बटलरवर लागला होता आणि तो पुढच्या रिसीव्हरच्या पाठीमागून वळसा घालायला गेल्याने उशिरा पोहोचला होता. या वेळी ती रांग दिसताच त्याला डाव कळला. पुढच्याला ब्रँडन ब्राउनरने जागीच रोखलं, बटलर वळसा न घालता सरळ तुटला आणि रिसीव्हरच्या आधी चेंडूवर पोहोचला. लोक त्या इंटरसेप्शनला दैव म्हणतात. ती एका चुकीची दुरुस्ती होती, व्हिडिओ आणि सरावातून केलेली.

डोळे तयार करणं म्हणजे नेमकं हेच, आणि ते शिकता येतं. आठवड्याचं वेळापत्रक साधारण ठरलेलं: रविवारी सामना, सोमवारी व्हिडिओ आणि शरीर मोकळं करणं, मंगळवार सुट्टी, बुधवारी पहिल्या-दुसऱ्या डाउनची तयारी, गुरुवारी तिसऱ्या डाउनची, शुक्रवारी शेवटच्या वीस यार्डांची, शनिवारी हळूहळू चालत उजळणी. जे टिकतात ते मंगळवारीही दोन-तीन तास व्हिडिओ बघतात, आणि नुसता बघत नाहीत, मोजतात. रिसीव्हर नेहमीपेक्षा आत उभा राहिला तर तो बहुधा बाहेर तुटणार किंवा आडवा जाणार, कारण त्याला बाहेर जागा हवी आहे. साईडलाइनच्या जवळ उभा राहिला तर आत येणार. तिसरा डाउन आणि तीन यार्ड असतील तर बारा यार्डांचा रूट कोण कशाला पळेल? सेफ्टीची पहिली नजर चेंडूवर नसते, समोरच्या ओळीतल्या गार्डवर असते. स्नॅपनंतर गार्डचं हेल्मेट खाली झुकून पुढे आलं तर धाव, वर उठून मागे गेलं तर पास. क्वार्टरबॅक चेंडू देण्याची हूल देतो तेव्हा ज्या सेफ्टीची नजर त्या हातांवर जाते तो दोन पावलं पुढे येतो, आणि त्याच्या डोक्यावरून टचडाउन होतो.

हायस्कूलमधल्या मुलाला यातलं आता काय करता येईल? स्वतःच्या प्रत्येक सामन्याचा व्हिडिओ आवाज बंद करून बघायचा. प्रत्येक डावाआधी थांबवायचं: डाउन किती, यार्ड किती, रिसीव्हर कुठे उभा आहे. मोठ्याने अंदाज सांगायचा, मग चालू करायचं, आणि बरोबर-चूक वहीत लिहायचं. एका हंगामात दहांपैकी तीन बरोबर येणारे पाच-सहा झाले तरी पुरेसं.

दुखापती. सर्वांत जास्त सतावते ती मांडीच्या मागची शीर. उलट पळता पळता एकदम वळून पूर्ण वेग घेण्याच्या क्षणी ती ताणली जाते, आणि शिबिराच्या पहिल्या पंधरवड्यात सर्वाधिक, कारण उन्हाळ्यात मुलं सरळ पळण्याचा सराव करतात, वळून पळण्याचा नाही. दोन-चार आठवड्यांची विश्रांती लागते. जागा जाईल या भीतीने दहाव्या दिवशी उतरलेला खेळाडू पुन्हा ती फाडून घेतो आणि मग खरंच जागा जाते. गुडघे टेकून, घोटे कुणीतरी धरून, शरीर हळूहळू पुढे सोडण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा वर्षभर केला तर ही जोखीम बरीच कमी होते. गुडघ्याचा एसीएल (आतला अस्थिबंध) फाटला तर नऊ ते बारा महिने. टाचेवरची अकिलिसची शीर कॉर्नरला सर्वांत महागात पडते, कारण पहिलं पाऊल तिथूनच येतं. शर्मनची २०१७ला तुटली, सिअॅटलने सोडलं. सॅन फ्रान्सिस्कोत तो २०१९ला पुन्हा प्रो बोलला, म्हणजे हंगामातल्या निवडक खेळाडूंत, पोहोचला, पण तेव्हा तो पायांपेक्षा डोळ्यांवर खेळत होता.

डोक्याच्या माराबद्दल पालकांनी कानाडोळा करू नये. एनएफएलमध्ये परतण्याचे पाच टप्पे ठरलेले आहेत आणि शेवटची परवानगी संघाबाहेरच्या तज्ज्ञाकडूनही लागते. २०१८पासून डोकं झुकवून हेल्मेटने धडकणं हा फाउल आहे, २०२४पासून मागून कमरेला धरून पायांवर अंग टाकून पाडणंही. मुलाला आजच शिकवा: डोळे वर, खांद्याने भिडायचं, डोकं समोरच्याच्या शरीराच्या बाजूला, आणि पाय थांबवायचे नाहीत. सेफ्टी डमार हॅमलिनच्या छातीवर २ जानेवारी २०२३ला सिनसिनाटीत एका साध्या टॅकलमध्ये मार बसला आणि मैदानातच हृदय थांबलं. तिथेच सीपीआर आणि विजेचा झटका मिळाला म्हणून तो वाचला आणि पुढच्या हंगामात परत खेळला. तुमच्या शाळेच्या मैदानावर एईडी यंत्र (हृदयाला विजेचा झटका देणारं) कुठे ठेवलेलं आहे आणि ते चालवणारं कोण, हे पहिल्या सामन्याआधी प्रशिक्षकांना विचारा.

पैशांबद्दल एकच गोष्ट नीट समजली तरी पुष्कळ झालं: करारावर लिहिलेला आकडा आणि हमी असलेला आकडा वेगळे असतात. २०१३ला टॅम्पा बेने डॅरेल रेव्हिसला घेतलं तेव्हा करार सहा वर्षांचा, ९ कोटी ६० लाख डॉलरचा होता. हमी शून्य. एका हंगामानंतर, मार्च २०१४ला, त्याला सोडलं आणि उरलेली पाच वर्षं कागदावरच राहिली. रेव्हिससारख्याने ते समजून घेतलं होतं, त्याने पुढच्या वर्षी न्यू इंग्लंडकडून सुपर बोल जिंकला आणि मग न्यूयॉर्क जेट्सकडून ३ कोटी ९० लाखांची हमी घेतली. सामान्य खेळाडूला दुसरी संधी मिळत नाही. नवख्याचा करार चार वर्षांचा, न निवडल्या गेलेल्याचा तीन. खरा पैसा दुसऱ्या करारात असतो: मार्च २०२५ला ह्यूस्टनच्या डेरेक स्टिंगली ज्युनियरने तीन वर्षांसाठी ९ कोटी डॉलर घेतले. तिथपर्यंत पोहोचणारे फार थोडे. एजंट तीन टक्क्यांपर्यंत घेऊ शकतो, आणि ज्या ज्या राज्यात सामना खेळाल तिथे आयकर असेल तर तो वेगळा भरावा लागतो. पहिल्या दोन वर्षांचा पगार घर-गाडीत घालवलेल्या मुलाला तिसऱ्या वर्षी काही सुचत नाही.

वेग कमी व्हायला लागला की खेळाडूला सर्वांत शेवटी कळतं, व्हिडिओला आधी कळतं. पूर्वी सहा यार्डांवर उभा राहणारा कॉर्नर आठ-नऊ यार्ड मागे उभा राहायला लागतो, म्हणजे तो मनातल्या मनात अंतर विकत घेतोय. त्या टप्प्यावर जागा बदलायला जो तयार होतो तो वाचतो. चार्ल्स वुडसन १९९८ला कॉर्नर म्हणून आला, २०१२ला सेफ्टी झाला आणि २०१५पर्यंत, एकूण अठरा हंगाम खेळला. शेवटच्या हंगामात तो ३९ वर्षांचा होता आणि त्याने ५ इंटरसेप्शन घेतले, एकूण ६५. पण हा बदल आयत्या वेळी होत नाही. सेफ्टीला सगळ्यांच्या जागा ठाऊक असाव्या लागतात, तो मैदानावर ओरडून इतरांना हलवतो. म्हणून कॉर्नरने विशीतच शेजारच्याचं काम पाठ करून ठेवावं. अॅरन ग्लेनसारखा कॉर्नर आणि टॉड बोल्ससारखा सेफ्टी पुढे मुख्य प्रशिक्षक झाले ते याच पाठांतरावर.

निवृत्तीबाबत एक व्यावहारिक सूचना, जी बहुतेक जण विसरतात. पेन्शनचा हक्क साधारण तीन हंगाम पूर्ण झाल्यावर मिळतो, त्यामुळे तिसऱ्या वर्षी सोडलं गेल्यावर किती सामने मोजले गेले ते खेळाडू संघटनेकडून लेखी घ्यावं. आणि कोणत्याही संघातून बाहेर पडताना शेवटची वैद्यकीय तपासणी होते तेव्हा घरी जायची घाई करू नये. दुखणारं प्रत्येक बोट, खांदा, घोटा नाव घेऊन नोंदवायला लावावा, एमआरआयच्या प्रती स्वतःकडे ठेवाव्यात. त्या कागदावर जे नसेल त्याची भरपाई पुढे मागणं फार अवघड जातं. ही सवय हायस्कूलपासूनच लावता येते: आजपासून एक फाइल करा, तारीख, दुखापत, डॉक्टर, किती दिवस बाहेर होता, एवढंच.